नाल कोणी घेतली, राबले कोण?

(जालना येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान. – संपादक)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'ऑनलाइन रमी आणि तेथील कामगार' असा छापला आहे. कापसाचा भाव, पीकविमा, जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील कंत्राटी मजुरी असे प्रश्न दाराशी उभे असताना पक्षाच्या अभ्यासवर्गात पत्त्यांची चर्चा कशासाठी, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु हाच पत्त्यांचा डाव गेली काही वर्षे आपल्या गावोगावच्या पारावरून उठून प्रत्येक तरुणाच्या खिशात जाऊन बसला होता, आणि कापसाचे जे पैसे हाती येत त्यांतील काही भाग रात्री नऊनंतर तेथे जात होता. जेथे पैसा जातो तेथे कोणाचे तरी श्रम असतात, आणि जेथे श्रम असतात तेथे आपले काम असते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचे संवर्धन व नियमन करणारा कायदा केला. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला तो संमत झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, त्याने बंदी घातली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. देशातील सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी या खेळांत २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारनेच सांगितला. त्यानंतर वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. सरकार बोलले, कंपन्यांचे वकील बोलले, कर्जबाजारी झालेल्या घरांतील माणसे बोलली. हा खेळ रोज रात्री प्रत्यक्ष चालवीत होते ते कोण, याची चौकशी मात्र कोणी केली नाही.

ती चौकशी आम्ही आपल्या परीने सुरू केली आहे. जालना, अंबड, परतूर या भागांतील जे तरुण पुण्या-मुंबईच्या अशा कंपन्यांत नोकरीस होते आणि बंदीनंतर घरी परतले, त्यांतील थोड्यांशी आम्ही बोललो. त्यांच्याबरोबर आणखी एका वर्गाशी बोललो, ज्याचे अस्तित्वच मला आधी ठाऊक नव्हते. हे लोक कोणत्याही कंपनीच्या पगारपत्रकावर नव्हते. ते 'स्वयंसेवक' होते. खेळाडूंचे मोबाइलवरील गट सांभाळणे, नवख्याला नियम समजावून देणे, शिवीगाळ करणाऱ्याला गटाबाहेर काढणे, भांडणे मिटविणे ही कामे ते फुकट करीत. ही पाहणी नव्हे आणि तिच्यावरून टक्केवारी काढण्याचा मोह मी टाळणार आहे. पण या मुलाखतींतून जे दिसले ते कोणत्याही आकडेवारीत सापडणार नाही.

मुलाखतींकडे वळण्यापूर्वी या धंद्याचे अर्थशास्त्र थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. जुन्या जुगाराच्या अड्ड्यावर 'नाल' नावाची गोष्ट असे, हे वडीलधाऱ्या मंडळींना माहीत आहे. डाव कोणीही जिंको, अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला वाटा बाजूला काढी. तो कधी हरत नसे. ऑनलाइन रमीची कंपनी स्वतः खेळत नाही. तीही नालच घेते. समजा दोन सारख्याच हुशारीचे गडी प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. प्रत्येक डावाला दोघांनी शंभर-शंभर लावले आणि जमलेल्या दोनशेतून कंपनीने दहा टक्के, म्हणजे वीस रुपये घेतले. पन्नास डावांत दोघांनी पंचवीस-पंचवीस डाव जिंकले तर कोणीच कोणाला हरविलेले नसते. तरीही कंपनीकडे हजार रुपये गेलेले असतात आणि प्रत्येकाच्या हाती पाचशेच उरतात. एक डाव तीन मिनिटांचा धरला तर हे अडीच तासांत घडते. म्हणून 'तू हुशारीने खेळला असतास तर हरला नसतास' हे सांगणे निरर्थक आहे. सर्वच हुशारीने खेळले तरी सर्व मिळून हरतात.

या नालेचा कायद्याशी काय संबंध होता, तेही पाहा. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात म्हटले. तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही. पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे नि कोणते टाकावे याला अक्कल लागते, असा तो निष्कर्ष. हे वाक्य कंपन्यांनी पुढे पंचावन्न वर्षांहून अधिक काळ ढालीसारखे वापरले. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले होते की, क्लबचा मालक पैजेच्या रमीतून नफा कमावीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. तो खटला सिकंदराबादच्या एका क्लबचा होता, जेथे सभासद एकमेकांत खेळत. निकालाचा पहिला भाग जाहिरातींपर्यंत पोहोचला, दुसरा मात्र वकिलांच्या कपाटात राहिला. आपला १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदासुद्धा अड्ड्याची व्याख्या करताना जागेच्या वा साधनांच्या मालकाच्या नफ्याकडेच बोट दाखवितो. इंग्रजाला जे कळले होते ते आम्हांला उशिरा उमगले.

आणि सरकार? १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. पुढील सहा महिन्यांत या क्षेत्राकडून ६,९०९ कोटी रुपये जमा झाले. त्यापूर्वी ते १,३४९ कोटी होते. हे आकडे सप्टेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनीच अभिमानाने जाहीर केले होते. ज्या धंद्याला २०२५ साली समाजविघातक ठरविण्यात आले, त्याची नाल सरकारही घेत होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. (विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप जुलै २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांवर झाला. त्यांनी तो नाकारला. त्या महिन्याअखेर त्यांच्याकडील कृषी खाते काढून क्रीडा खाते देण्यात आले. यावर मी अधिक काही बोलत नाही.)

आता माणसांकडे येतो. परतूर तालुक्यातील एक पदवीधर मुलगी पुण्यातील एका कंपनीत तक्रारी घेण्याच्या कामावर होती. तिला आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही जुगाराच्या अड्ड्यावर काम करता हे तुम्हांला कळत नव्हते काय?" मुलाखत तेथेच संपल्यासारखी झाली. मग मी तिला एवढेच म्हटले की, संध्याकाळी कामावर गेल्यापासून सकाळी सुटेपर्यंत काय काय करीत होता ते तासातासाने सांगा. त्यानंतर ती दीड तास बोलत होती. पाळी रात्रीची, कारण खेळ रात्री रंगतो. ऐन डावात मोबाइलची रेंज गेली आणि पैसे गेले, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. दुसरी, जिंकलेले पैसे बँकेत का येत नाहीत. एका तक्रारीला किती मिनिटे द्यावीत याचे माप ठरलेले होते आणि त्यावर दरमहा गुण मिळत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पगार झाल्यावर, कामाचा ताण वाढे. ओळख पटविण्यासाठी आलेली आधार कार्डे तपासताना आपल्याच तालुक्यातील गावांची नावे दिसत, असे ती म्हणाली. आणि मग थोडे थांबून, "मी ती कार्डे मंजूर करीत होते," असे म्हणाली. आमच्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. पण ते तिने आपणहून दिले.

एका तरुणाचे काम निराळे होते. पंधरा दिवस जे खेळले नाहीत त्यांची यादी त्याच्यासमोर येई, आणि त्यांना फोन करून 'आपल्या खात्यात बोनस जमा झाला आहे' असे सांगायचे. खेळ सोडू पाहणाऱ्याला परत ओढून आणणे हेच काम. त्याला दोषी ठरविणे सोपे आहे. त्याचा पगार वडिलांच्या दोन एकरांतील सोयाबीनच्या उत्पन्नापेक्षा अधिक होता, हेही खरे. तिसऱ्याकडे एकाच डावात संगनमताने खेळणाऱ्यांना हुडकण्याचे काम होते. ते त्याला आवडत असे आणि त्यात तो तरबेज होता. या सर्वांना ऑगस्टअखेर ईमेल आले. बंगळूरच्या एमपीएल या कंपनीने भारतातील साठ टक्के, म्हणजे सुमारे तीनशे कर्मचारी कमी करण्याचे ठरविल्याची बातमी त्याच सुमारास आली होती. मोठ्या कंपन्यांची बातमी तरी होते, कंत्राटदारामार्फत नेमलेल्यांची तीही होत नाही. आमच्या परतूरच्या मुलीच्या नेमणूकपत्रावर खेळाच्या कंपनीचे नावच नव्हते.

येथे कायद्याचा एक मुद्दा आहे. तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम अमलात होता. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्या अधिनियमाच्या कलम २५-एफएफएफ प्रमाणे धंदा बंद झाला तरी सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला नोटीस आणि दर वर्षाच्या सेवेबद्दल पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळावयास हवी. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने धंदा बंद झाला असेल तर ही भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित होते, आणि कंपन्या नव्या कायद्याकडे बोट दाखवून याच तरतुदीच्या आश्रयाला जाणार हे उघड आहे. परंतु तीन महिन्यांचे वेतन म्हणजे शून्य नव्हे. तक्रारी घेणारा मुलगा 'कामगार' या व्याख्येत बसतो की नाही, हे त्याच्या हुद्द्यावरून ठरत नाही, तो प्रत्यक्षात कोणते काम करीत होता यावरून ठरते. 'एक्झिक्युटिव्ह' असे नाव दिल्याने कारकून अधिकारी होत नाही. म्हणूनच तासातासाचे काम विचारून घेणे एवढे महत्त्वाचे.

स्वयंसेवकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. अंबड तालुक्यातील एका तरुणाच्या गटात दोनशेच्या आसपास माणसे होती. रोज चार-पाच तास तो त्यात घालवी. बदल्यात कंपनीकडून त्याच्या नावापुढे एक बिल्ला झळके, कधी खेळण्यासाठी फुकट बोनस मिळे, आणि वरिष्ठांशी थेट बोलता येते याचा अभिमान. नेमणूकपत्र नाही, मानधन नाही. बंदी आली तेव्हा पगारी नोकरांना निदान ईमेल तरी आले, त्याला काहीच आले नाही. मात्र खात्यात अडकलेले पैसे कसे काढायचे हे विचारायला गटातील माणसे त्याच्या घरी येऊ लागली, आणि आठवडाभर तो प्रत्येकाचा मोबाइल हातात घेऊन पैसे काढून देत बसला. कंपनीचे शेवटचे काम त्यानेच केले, तेही फुकट.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिका ऑनलाइन या कंपनीने १९९० च्या दशकात हजारो स्वयंसेवकांकडून आपली चर्चादालने सांभाळून घेतली; मोबदला म्हणून त्यांना फुकट जोडणी दिली जाई. १९९९ साली त्यांतील काहींनी आम्ही नोकरच आहोत म्हणून दावा लावला, आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. 'मॅजिक' नावाच्या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत पंच म्हणून फुकट राबणाऱ्यांपैकी काहींनीही २०१६ साली त्या खेळाच्या मालक कंपनीविरुद्ध असाच दावा आणला. प्रश्न सगळीकडे एकच आहे. ज्याच्या वेळावर नफा उभा राहतो, तो 'आवडीने करतो' म्हणून त्याचे देणे संपते काय?

आपण स्वतः स्वयंसेवक म्हणून वाढलेली माणसे आहोत. सेवादलाच्या शिबिरात रस्ता खणताना कोणी मजुरी मागितली नाही. पण तो रस्ता गावाचा होता. त्यावर टोलनाका बसवून कोणी नफा काढणार नव्हते. श्रमदान आणि फुकट राबणूक यांत कष्टाचा फरक नसतो, फळ कोणाच्या पदरात पडते याचा असतो.

तथापि या तरुणांना सरसकट शोषित म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. मुलाखतींत दोन प्रकार स्पष्ट दिसले. काही जण केवळ गट सांभाळीत. काही जण नवा खेळाडू आणला की दर माणशी रक्कम घेत. त्यांत स्वतःच्या हरलेल्या पैशांची भरपाई करू पाहणारे बरेच होते. मराठवाड्यात हा माणूस आपल्याला नवा नाही. तो ऊसतोडीचा मुकादम आहे. मुकादम स्वतः फडात राबतो, टोळीची भांडणे मिटवितो, आणि त्याच टोळीला उचल देऊन कारखान्याच्या दाराशी बांधूनही ठेवतो. कारखाना म्हणतो, मुकादम आमचा नोकर नाही. टोळी म्हणते, मुकादम आमचा नाही. घनसावंगी-मंठ्याकडील कार्यकर्त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंनी नाकारलेल्या या माणसाला शिव्या देऊन कारखाना सुटतो, हा आपला अनुभव आहे.

'कोणाचाच नोकर नाही' हे उत्तर महाराष्ट्राने एकदा मोडून काढले आहे. मोंढ्यातील हमाल आज या आडत्याकडे, उद्या त्या आडत्याकडे पोती उचलतो. मग त्याचा मालक कोण? व्यापारी म्हणत, कोणीच नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने या प्रश्नाला बगल देऊन वेगळीच वाट काढली. मंडळ नेमले, हमालांची नोंदणी केली, व्यापाऱ्यांकडून लेव्ही वसूल केली आणि भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी, औषधोपचार त्यातून उभे केले. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांनी हमालांच्या लढ्यांत आयुष्ये घातली ती याच मुद्द्यासाठी. पैशांच्या रमीवर बंदी आली तरी बिनपैशांचे ऑनलाइन खेळ चालू आहेत. नवा कायदा तर त्यांना उत्तेजन देतो. तेथेही गट सांभाळणारे तरुण फुकटच राबतात. त्यांच्यासाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर नोंदणी आणि कंपन्यांवर लेव्ही ही मागणी आपण आताच पुढे आणावी, असे माझे मत आहे. दर माणशी दलाली घेणाऱ्यांना तीत जागा नसावी.

दोन बाजूंनी आक्षेप येतील. काही मित्र म्हणतील, बंदीच चुकीची, रोजगार गेला. मला हे पटत नाही. दोघांनाही हरविणाऱ्या डावातून निर्माण झालेला रोजगार टिकविण्यासाठी डाव चालू ठेवा, हा युक्तिवाद आपण गुटख्याच्या बाबतीत मान्य करणार नाही. कंपन्यांच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. त्यांत आपली बाजू कंपन्यांची असू नये. दुसरे मित्र म्हणतील, अड्ड्यावरच्या नोकरांचा कळवळा कशाला? त्यांना मी २००५ ची आठवण देतो. महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली तेव्हा नीतिमत्तेच्या गप्पा सर्वांनी मारल्या. त्या बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांकडे जाऊन त्यांच्या मुलाखती घेतल्या त्या एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि एका स्त्रीवादी संघटनेने. ते अहवाल न्यायालयासमोर गेले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. डान्सबार आणि रमी यांची मी बरोबरी करीत नाही, आणि येथे बंदी रद्द व्हावी असेही मला म्हणायचे नाही. बंदीचा भार ज्यांच्या अंगावर पडतो त्यांना विचारल्याशिवाय तो भार किती हे कळत नाही, एवढेच त्यातून घ्यावे.

कामाबद्दल बोलून थांबतो. मार्क्सने १८८० मध्ये फ्रेंच कामगारांसाठी एक प्रश्नावली तयार केली होती. तीत सुमारे शंभर प्रश्न आहेत, आणि बहुतेक सगळे साधे: किती तास, किती वेतन, दंड किती, अपघात झाला तर काय. मतांची चौकशी त्यात फारशी नाही. आपणही तसेच करावे. नेमणूकपत्रावर कोणाचे नाव आहे, पगाराच्या पावत्या आहेत का, भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का, शेवटचा ईमेल जपून ठेवला आहे का, हे विचारावे. बोलणाऱ्यांपैकी काहींनी गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या आहेत, म्हणून वहीत नावे लिहू नयेत. गाव आणि काम एवढे पुरे. स्त्री कर्मचाऱ्यांकडे आपल्या भगिनी कार्यकर्त्यांनी जावे, कारण रात्रपाळीतील काही गोष्टी त्या मला सांगणार नाहीत. मोबदला बुडालेल्यांची कागदपत्रे वेगळी काढून वकिलांना दाखवावी लागतील आणि त्याला मुदतीचे बंधन आहे, तेव्हा उशीर परवडणार नाही.

अंबडच्या त्या तरुणाने गट बंद केलेला नाही. तीच दोनशे माणसे आता त्यावर मोसंबीचा मोंढ्यातील भाव आणि टँकरच्या वेळा टाकतात. शिवीगाळ झाली तर तो अजूनही माणसाला बाहेर काढतो. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. भोकरदन आणि जाफराबादकडील कोणाला यायचे असेल तर व्याख्यानानंतर नावे द्यावीत.